माडाखाली लावलेली फटफटी

डॉक्टरांची फटफटी उन्हात तापत होती, ती मी सावलीत ओढून नेली, इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते सावली निवडताना. फणसाची दाट सावली होती, पण तिच्यात आमची म्हैस बसली होती आणि बसलेल्या म्हशीला उठवण्याइतका दम माझ्यात तेव्हाही नव्हता, आताही नाही. पडवीत सावली होती, पण तिथे आंब्यांची आढी घातलेली. म्हणून मी गाडी विहिरीकडच्या माडाखाली नेऊन उभी केली. माडाची सावली ती केवढी, खराट्याने अंगणात ओढलेल्या चार रेघांएवढी. तरी त्या रेघा नेमक्या बैठकीवर आणि टाकीवर येतील अशा बेताने मी गाडी मागेपुढे करून लावली, दोन पावलं मागे सरून आपलं काम न्याहाळलं आणि पायरीवर जाऊन बसलो. रत्नागिरीत जन्मून, एकोणीस वर्षं माडांखालून हिंडून, ही अक्कल.

आता माझी बाजूही सांगतो. आमच्याकडे लहानपणापासून सांगतात की नारळाला डोळे असतात, तो बघून पडतो. माडाखालून माणसं जातात, गुरं जातात, बायका पाणी भरतात, पण नारळ कुणाच्या डोक्यात पडल्याचं कुणी ऐकलेलं नसतं. सोललेल्या नारळाचे तीन डोळे दाखवून हे शास्त्र आईने मला शिकवलं होतं, आणि मी ते आठच दिवसांपूर्वी इंदूला मोठ्या अधिकाराने शिकवलं होतं. इंदू म्हणजे डॉक्टरांची भाची. ती साताऱ्याकडची, माडांची सवय नसलेली. विहिरीवर जाताना ती वर बघत बघत जायची आणि त्या नादात एकदा कळशीसकट घसरली. तेव्हा मी ओट्यावरून म्हणालो होतो, "भिऊ नका, त्याला डोळे असतात." तिने माझ्याकडे बघितलं, मग वर माडाकडे बघितलं, आणि कळशी उचलून निघून गेली. माणसाला बघून पडणारा नारळ फटफटीलाही ओळखतो की नाही, हा प्रश्न मला सुचला नाही. आमच्या आळीत फटफटी एकच होती. नारळाने तरी ती कुठे पाहिली असणार?

डॉक्टर आमचे बिऱ्हाडकरू. पुढच्या दोन खोल्या त्यांच्याकडे होत्या. एकीत दवाखाना, दुसरीत संसार. संसार म्हणजे ते आणि वर्षभरापूर्वी वडील गेल्यावर त्यांच्याकडे आलेली इंदू. स्वतःची बायको त्यांची लवकरच गेली होती. उंच, किडकिडीत, बोलायला कमी, आणि हसायचे ते नाकातल्या नाकात. त्यांची फटफटी बाजाराकडून चढ चढू लागली की आवाज आधी घरातल्या भांड्यांना ऐकू यायचा. फडताळातली पेल्यांची उतरंड किणकिणायची आणि आई म्हणायची, "आले हो डॉक्टर, आमटी चढवते." त्या घराचे असे किती आवाज अजून कानात आहेत. दुपारी सगळं निजलं की विहिरीच्या रहाटाची एक लाकडी कुरकुर, आढीतल्या गवतात उंदराची खसफस, आणि सगळ्याच्या खाली, ऐकायचं म्हटलं तरच ऐकू येणारा मांडवीचा समुद्र. मे महिन्यात तर दुपारला एक गोड जडपणा यायचा. उकड्या तांदळाचा भात, कुळथाचं पिठलं, वर वाटीभर सोलकढी, आणि पिकत आलेल्या आंब्यांचा वास इतका दाट की डोळे उघडे ठेवायचेच तर त्यांना काही कारण लागे.

मला कारण होतं ते फटफटीचं. दोनदा मॅट्रिक नापास झालेल्या मुलाला घरात जेवढी कामं सांगतात, तेवढी सगळी माझ्याकडे होती. पण फटफटी पुसायचं काम मी आपण होऊन मागून घेतलं होतं. काळी टाकी, तिच्या कडेने सोनेरी रेघ, पितळेचं झाकण. पुसता पुसता झाकणात माझं तोंड दिसायचं, नाक मोठं आणि कपाळ लहान, म्हणजे जवळजवळ खरंच. त्या गाडीवर बसून मी हातखंब्याचा चढ चढून, घाट ओलांडून कोल्हापूर, तिथून पुढे मला नावही ठाऊक नसलेल्या गावांपर्यंत कितीदा जाऊन आलो, पायरीवरून न उठता.

पण त्या वर्षी मला गाडीहून मोठी आशा लागली होती. डॉक्टरांचे म्हातारे कंपाउंडर आंब्याचा हंगाम संपला की मुलाकडे मुंबईला जाणार होते, आणि त्यांच्या जागी मला घ्यावं असं वडिलांनी डॉक्टरांच्या कानावर घातलं होतं. डॉक्टरांनी मला बोलावून हात बघितले, नखं बघितली आणि म्हणाले होते, "मॅट्रिकचं मला काही नाही. औषध चुकलं तर तिथल्या तिथे चुकलं म्हणणारा माणूस मला हवा. बघू. आंबे संपेपर्यंत बघू." म्हणजे मी रोज परीक्षेलाच बसलो होतो, आणि ही तिसऱ्यांदा. या वेळी नापास झालो तर वडील मला मुंबईला गिरणीतल्या एका नातेवाइकाकडे धाडणार हे ठरलेलं होतं. माझी वळकटीही आईने बांधून ठेवली होती. दिसू नये म्हणून माळ्यावर, पण मला दिसली होती.

तर असा मी पायरीवर बसलो होतो. डॉक्टर जेवून आत निजले होते. आई माजघरात लवंडली होती, वडील कचेरीत. विहिरीजवळच्या धोंडीवर इंदू कपडे धूत होती, तिच्या आपटण्याचा आवाज ठरल्या लयीत येत होता. मी बहुधा कोल्हापूरच्या पुढे पोचलो होतो. इतक्यात वरून झावळ्यांत काहीतरी सरसरलं आणि असा आवाज झाला, की जणू घंगाळावर कुणी मुसळ मारावं. नारळ टाकीवर पडून उसळला, दोन उड्या मारून म्हशीजवळ जाऊन थांबला. म्हशीने त्याचा वास घेतला. मी धावलो. टाकीला वाटीएवढा पोचा आला होता. ते एक वेळ चाललं असतं. पण खाली, जिथे दोन पत्रे डाग देऊन जोडलेले होते, तो सांधा उकलला होता आणि तिथून पेट्रोल ठिबकत होतं. एक थेंब धरायचा, लांबट व्हायचा, त्यात उलटा माड दिसायचा आणि तो सुटायचा. लाल मातीत काळा ठिपका उठायचा आणि बघता बघता उडून जायचा. खरं सांगायचं तर पहिले काही थेंब मी नुसता बघतच राहिलो. इतकं सुंदर नुकसान मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग भानावर आलो. पेट्रोल तेव्हा बंदरावरून डब्यांनी यायचं, मचवा आला तर. आणि मचवा चार दिवस आला नव्हता. टाकीत होतं तेवढंच काय ते होतं. मी भोकावर अंगठा धरला. अंगठा किती वेळ धरणार? तेव्हा माझ्यातला कोकणातला माणूस जागा झाला. आमच्याकडे जे जे फुटतं ते फणसाच्या चिकाने जोडतात. बरणी तडकली, चीक. होडीत पाणी आलं, चीक. पडवीत आईने सकाळीच फणस फोडला होता, त्याचा चीक काठीला गुंडाळून ठेवलेला होता. ती काठी आणून मी चांगला घसघशीत लेप दिला. तो क्षणभर बसला, आणि मग डोळ्यांदेखत पातळ होऊन तारेतारेने खाली लोंबू लागला. हाताला लागलेला चीक रॉकेलने निघतो हे आमच्याकडे रांगत्या पोराला ठाऊक असतं, आणि पेट्रोल हे रॉकेलचंच थोरलं भावंड. मी चिकाने भोक बुजवत नव्हतो, पेट्रोलने चीक धूत होतो. तोवर माझी बोटं एकमेकांना, फडकं बोटांना आणि कपाळावरचे केस फडक्याला चिकटले होते, आणि मिनिटाला पाचाचे सात थेंब झाले होते.

कपडे आपटण्याचा आवाज कधी थांबला ते मला कळलं नाही. मागून इंदू म्हणाली, "न्हाणीची चूल धुमसतेय." वर्षभरात ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं पुरतं वाक्य. मी वळून बघितलं. आंघोळीच्या पाण्याची चूल तिथून सातआठ पावलांवर, आणि तिच्यात सकाळची नारळाची सोडणं अजून धुरत होती. वारा आला की लाल व्हायची. मी भोक पुन्हा अंगठ्याने दाबून धरलं. ती मात्र हातातली बादली घेऊन गेली आणि सावकाश, कुणाला जाग येऊ नये अशी, पुरी बादली चुलीत रिकामी केली. चर्र झालं, राखेचा एक ढग उठला आणि विरला. मग ती धोंडीवरून साबणाची वडी घेऊन आली. तिच्या त्या साबणावरून आई कुरकुरायची, कारण आमच्याकडे रिठ्याने भागायचं. "आमचा स्टोव्ह गळायचा तेव्हा बाबा हे लावायचे," ती म्हणाली. "कोरडी बाजू घासा. पाण्यात विरघळतो, यात नाही." वडी माझ्या चिकट हातात ठेवली आणि परत कपड्यांकडे गेली.

मी घासलं. सांध्यात साबण दाबून दाबून भरला. थेंब मंदावले, एक बराच वेळ धरून राहिला, पडेल पडेल म्हणता पडला नाही. मला इतका आनंद झाला, की त्या आनंदातच पाप सुचलं. नारळ मी म्हशीच्या पलीकडे लोटला. गाडी हळूच मूळच्या जागी, उन्हात, नेऊन लावली. पोचा आलेल्या बाजूवर पुसायचं फडकं घडी करून असं ठेवलं, की जणू ते नेहमी तिथेच असतं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर पडायचे नाहीत, उद्या सकाळी तांबटाकडून डाग देऊन आणू, कुणाला काही सांगायला नको. हे सगळं मी इंदूच्या देखत केलं. ती कपडे आपटत राहिली. तो आवाज मला आता निराळा ऐकू येत होता. प्रत्येक आपटण्यामागे थोडी जागा सोडलेली, कुणी काही बोलेल म्हणून सोडावी तशी.

आणि चार वाजता कोल्हापूरकडची सर्व्हिस मोटार आली, तिचा ड्रायव्हर बाजारातून चालत आमच्याकडे चिठ्ठी घेऊन आला. पालीच्या शाळामास्तरांची चिठ्ठी. त्यांची बायको सकाळपासून अडली होती. दोन मुलं आधी हाती लागली नव्हती, हे डॉक्टरांना ठाऊक होतं, आम्हालाही होतं, कारण मास्तर गेल्या महिन्यात तिला दाखवायला घेऊन आले तेव्हा आईने तिची ओटी भरली होती. मोटार आता रात्रीशिवाय परत जायची नव्हती आणि बैलगाडीला चार तास लागले असते. डॉक्टर उठले, तोंडावर पाणी मारलं, कोट घातला, बॅग मागच्या कॅरिअरला बांधली. मी बाजूला उभा. साबण धरेल, मी मनात म्हणत होतो. अर्ध्या वाटेपर्यंत तर नक्की धरेल. आणि नाही धरला तर सड्याच्या उघड्या माळावर मधेच गाडी बंद पडेल, किंवा गरम इंजिनावर थेंब पडेल, आणि मास्तर दारात उभे असतील. दुसऱ्या बाजूला कंपाउंडरची जागा आणि माळ्यावरची वळकटी. डॉक्टरांनी हात पुसायला म्हणून ते फडकं उचललंसुद्धा, पण बघत होते ते रस्त्याकडे. त्यांनी किकवर पाय ठेवला. कपडे आपटण्याचा आवाज थांबला.

"डॉक्टर," मी म्हणालो, "टाकी फुटली आहे. वर नारळ पडला. गाडी माडाखाली मीच लावली होती. साबणाने बुजवली आहे, पण मला भरवसा नाही."

डॉक्टरांनी पाय खाली घेतला. वाकून सांधा बघितला, नखाने साबण दाबून बघितला. मग मान वर करून माडाकडे बराच वेळ बघितलं, जणू त्याचीही बाजू ऐकून घेत होते.

"कधी पडला?"

"दीड तास झाला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"आपण निजला होतात."

"कोट घालताना तर जागा होतो," डॉक्टर म्हणाले.

तोवर आई बाहेर आली होती. "कुणी लावलीन ती माडाखाली?" तिने विचारलं आणि माझ्या केसांकडे बघून पुढचं विचारलं नाही. डॉक्टर गाडीवर बसले. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "बस मागे. साबण घे. वाटेत जिथे सुटेल तिथे लावायचा." आई म्हणाली, असले चिकाचे हात घेऊन बाळंतिणीच्या घरात पाऊल टाकशील तर बघ, आणि खोबरेल तेलाची बाटली नि पंचा माझ्या मांडीवर टाकला. मी बॅग कॅरिअरवरून सोडून पोटाशी धरली. इंदू धोंडीजवळ पिळलेलं लुगडं हातात घेऊन उभी होती. त्या लुगड्यातून पाणी ठिबकत होतं.

त्या प्रवासाचं काय सांगू! पायरीवरून मी जो हजार वेळा केला होता तो हा नव्हे. मी डॉक्टरांच्या पाठीला कान लावून, एक हात पुढे घालून, बोट सांध्यावर दाबून बसलो होतो. मैल दीड मैल गेलं की बोटाला गार लागायचं, मी सांगितलं की डॉक्टर थांबायचे, मी साबण भरायचा, पुन्हा निघायचं. सड्यावर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. काळा जांभा दगड दूरवर पसरलेला, मधे करवंदांच्या जाळ्या, आणि मागे वळून बघितलं तर समुद्राची एक पांढरी रेघ, ती आहे की नाही असं वाटावं अशी. गुरं परतत होती. त्यांच्या धुळीतून जाताना डॉक्टर गाडी इतकी हळू करत, की गळ्यातल्या घंटा ऐकू येत. पेट्रोलचा वास, साबणाचा वास, खोबरेलाचा वास, आणि कुठून तरी काजूच्या बोंडांचा. माझं भवितव्य बहुधा मागे आळीत राहिलं होतं, पण त्या तासाभरात मला त्याची आठवण झाली नाही. बोटाखाली एक थेंब होता आणि तो सुटू द्यायचा नव्हता, एवढंच मला जगात काम होतं. आज नातू स्कूटर पडवीत लावतो आणि पेट्रोलचा वास येतो, तेव्हा सून नाक मुरडते. मी उगीच तिथून दोनदा जाऊन येतो.

पालीत पोचलो तेव्हा मास्तर खरंच रस्त्यावर उभे होते. डॉक्टर आत गेले. मी हात तीनदा धुऊन पाणी तापवत बसलो, त्यांनी दिलेली भांडी उकळली, सांगितली ती बाटली उजेडात वाचून दिली. दिवेलागणीच्या सुमारास आतून रडण्याचा आवाज आला, बारीक आणि फार रागावलेला. मास्तर माझ्याशेजारी ओट्यावर मटकन बसले आणि माझा हात धरून राहिले. तो धुऊनही तेलाने बुळबुळीत होता, पण त्यांनी सोडला नाही. मुलगी होती. तिला मी पुढे तिच्या लग्नात पाहिली.

मुक्काम तिथेच झाला. सकाळी गावच्या तांबटाने टाकी रिकामी करून, धुऊन, डाग देऊन दिली आणि आम्ही उन्हाच्या आधी निघालो. हातखंब्याच्या उतारावर डॉक्टर म्हणाले, "सोमवारपासून सकाळी सातला ये. आणि केस काप." चीक केसांतून निघत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

घरी पोचलो तेव्हा इंदू तुळशीला पाणी घालत होती. मुलगी झाली, दोघी सुखरूप, डॉक्टरांनी सांगितलं. ती हसली. मग डॉक्टर आत गेल्यावर माझ्याकडे वळून तिने विचारलं, "आणि वडी?" मी खिशातून काढून दिली. जाडजूड वडी शिंपल्याएवढी झाली होती, आणि तिच्यावर माझ्या बोटाचा खळगा होता. तिने ती उलटसुलट करून बघितली आणि पदराला बांधली. तिसऱ्या वर्षी आमचं लग्न झालं. डॉक्टरांनीच शब्द टाकला; माझ्यात तो दमही नव्हता.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी ते हिला वाचून दाखवलं. ही तांदूळ निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "एक राहिलं. तुम्ही गाडी माडाखाली नेलीत तेव्हा मी बघत होते."

चाळीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस?

"तुम्हीच सांगितलं होतंत ना, नारळाला डोळे असतात म्हणून. म्हटलं, हा माणूस खरं सांगतो का बघू."

"मग? कळलं?"

"नारळाचं लगेच कळलं," ती म्हणाली. "तुमचं कळायला मामांनी किकवर पाय ठेवीपर्यंत थांबावं लागलं."